पूजेतले खुळखुळे आणि माझा डावा पाय

मला पहिल्यांदा भेटणारा माणूस आधी पायाकडे बघतो, मग तोंडाकडे आणि मग विचारतो, "उसाची ट्रॉली का?" आमच्या वाळवा तालुक्यात पाय जायचा तर उसाच्या ट्रॉलीखालीच जायचा, अशी लोकांची खात्री आहे. मी सांगते, "न्हाई, फोर्कलिफ्ट." मग समोरचा विषय बदलतो. ट्रॉली असती तर त्याच्याकडे सांगायला चार गोष्टी होत्या, फोर्कलिफ्टची एकही नाही. म्हणून मीच सांगायचं ठरवलं. अशीच वेळ आलेली एखादी बाई कुठल्या तरी वॉर्डात पंख्याकडे बघत पडली असेल, तर तिला सोबत व्हावी. औषधांची नावं मला तेव्हा कळली नाहीत आणि आताही सांगता येणार नाहीत. बाकी सगळं आठवतंय.

मी वैशाली. माहेर उंब्रज, सासर इस्लामपूरजवळचं एक खेडं. घरात नवरा संजय, लेक मनू आणि सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. सासऱ्यांना मी मामा म्हणते, संजय आबा म्हणतो, गाव त्यांना सुभेदार म्हणतं. फौजेतून येऊन त्यांना जमाना झाला, पण अजून चप्पल काढली तरी दोन्हींची तोंडं एका रेषेत असतात.

खुळखुळा

हायवेला लागून असलेल्या एका मोठ्या गोडाऊनमध्ये मी माल तपासायचं काम करत होते. साबण, बिस्किटं, तेलाचे डबे, असला रोजचा माल. तो उचलायला फोर्कलिफ्ट. बुटकी गाडी, पुढं दोन लोखंडी दांडे. दिसायला लहान, पण समोर माल उचलल्यावर तोंडावर पडू नये म्हणून तिच्या मागच्या अंगाला भयंकर वजन भरलेलं असतं. आणि वळते ती मागच्या चाकांवर. हे मला नीट कळलं, पण फार उशिरा.

आत मालाच्या मांडण्या छतापर्यंत गेलेल्या. कोपऱ्यापलीकडून माणूस येतोय की गाडी, हे दिसायचं नाही. म्हणून कंपनीनं एक बिनतारी यंत्रणा आणली होती. आमच्या प्रत्येकाच्या गळ्यात काडेपेटीएवढा टॅग आणि फोर्कलिफ्टमध्ये एक पेटी. गाडी जवळ आली की टॅग छातीवर थरथरायचा आणि त्याच वेळी गाडीतली पेटी ओरडायची. मध्ये मांडणी असो की भिंत, गाडीला माणसाचा आणि माणसाला गाडीचा पत्ता लागायचा. त्या टॅगला आम्ही खुळखुळा म्हणायचो.

फोर्कलिफ्ट चालवायचा बिरू. कवठे महांकाळकडचा, घरची मेंढरं, धाकटा भाऊ अजून कळप घेऊन फिरतो. तो म्हणायचा, "वैनी, मेंढराच्या गळ्यात घंटी बांधत्यात बगा, तसं हे. तुमी दिसायच्या आधी मला कळतंय, कोण तरी चाललंय म्हणून."

खंडेनवमी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा करतात. रानात विळा-कोयता, घरात पाटा-वरवंटा, गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट. आणि पूजेत ठेवलेली वस्तू दसऱ्यापर्यंत उचलायची नाही, हाही नियम.

त्या दिवशी बिरूनं गाडी धुतली, झेंडूच्या माळा घातल्या. मोठ्या दाराशी पाट मांडला. त्यावर पाने-पकडी, वजनकाटा, आमची स्कॅनरं. कोणीतरी म्हणालं, "खुळखुळं बी ठिवा की. तेच तर आपला जीव राखत्यात." सगळ्यांना ते पटलं. गळ्यातले टॅग काढून आम्ही पाटावर मांडले. गोडाऊनमध्ये बाई मी एकटीच, त्यामुळे हळदकुंकू वाहायचं काम माझ्याकडं आलं. शिरा झाला, आरती झाली, साहेबांनी सुट्टी दिली. आणि तेवढ्यात लांबून आलेला एक ट्रक दाराला लागला.

ट्रकवाल्याला सणाला घरी पोचायचं होतं. साहेब म्हणाले, एवढा एक उतरवून घ्या. आता गाडी तर पूजेतली. बिरूनं तिच्यापुढं हात जोडले, आणखी एक नारळ फोडला, माफी मागितली आणि किल्ली फिरवली. गाडीच्या बाबतीत देवाची समजूत पटली. खुळखुळे मात्र कोणी उचलेना. "येका दिसात दोनदा पूजा मोडायची व्हय?" असं एक म्हातारा हमाल म्हणाला आणि ते सगळ्यांना बरोबर वाटलं.

पण पाट दाराशीच होता. प्रत्येक खेपेला गाडी दारातून गेली की पाटावरचे सगळे खुळखुळे थरथरायचे, कुंकू उडायचं आणि पेटी बोंब मारायची. तिच्या हिशेबानं अख्खं गोडाऊन गाडीपुढं उभं होतं. शेवटी बिरू वैतागला आणि त्यानं पेटीची वायर काढली. कानाला बरं वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला सांगू.

ट्रकवाला उपाशी असेल म्हणून मी ताटलीत शिरा घेऊन निघाले. स्पीकरवर देवीची गाणी लागलेली. मांडणीच्या कोपऱ्यावर आले तेव्हा सवयीनं माझा हात छातीवर गेला, कारण त्या कोपऱ्यावर खुळखुळा नेहमी बोलायचा. हाताला नुसती साडी लागली, आणि वळणाऱ्या गाडीची पाठ अंगावर आली. मग मी खाली पडलेली होते, शिरा माझ्या केसांत होता आणि बिरू मोठमोठ्यानं रडत होता. तो का रडतोय हे मला काही केल्या कळेना.

"बोटं हालत्यात तिची"

इस्लामपूरहून मला मिरजेला हलवलं. हाडं जोडायला रॉड घातले. सगळ्यांना वाटलं, झालं, आता प्लास्टर आणि आराम. संजय तर मनूला फोनवर सांगत होता, "आई संक्रांतीला पळतीया बघ."

मग एका सकाळी डॉक्टर आले, पायाला हात लावून बघितलं आणि खुर्ची ओढून बसले. डॉक्टर उभे असतात तोवर ठीक असतं. ते बसले की समजायचं. ते म्हणाले, "ताई, पायात रक्त फिरत नाहीये. खालचा भाग मेलाय आणि विष वर चढतंय. गुडघ्याखाली काढावा लागेल. ठेवला तर तो तुम्हाला घेऊन जाईल."

मला पहिल्यांदा काय आठवलं? आदल्या आठवड्यात घेतलेल्या चपला. निळ्या पट्ट्याच्या, अजून पिशवीतच होत्या. मी त्या चपलांसाठी रडले. पायासाठी रडायची हिंमत नव्हती.

मामा ऐकायला तयार नव्हते. "डॉक्टर, फौजेत लय बगितलंय म्या. घाई करू नगा. बोटं हालत्यात तिची. आत्ता हालली." बोटं हलत नव्हती. मामांना जे बघायचं होतं ते दिसत होतं. त्यांनी कुठल्या तरी हाडवैद्याचा पत्ता आणला, मला घरी न्यायची भाषा सुरू केली. संजय एकदा बापाकडं बघायचा, एकदा डॉक्टरांकडं. माझी आई उंब्रजहून येऊन उशाशी बसली होती. ती आयुष्यात व्याह्यांपुढं कधी मान वर करून बोलली नव्हती. ती म्हणाली, "आवं सुभेदार, माझी पोर हाय ती. तुमची पलटण न्हाई."

ताप चढत होता. माझ्या खाटेशी माझ्याच पायावरून भांडणं चालली होती आणि मला कोणी विचारत नव्हतं. मला भीती वाटत होती, साधी सरळ मरणाची भीती. मी म्हटलं, "मामा, मनूला आई पायजे का आईचा पाय?"

मामा उठले आणि बाहेर गेले. संजयनं पेन माझ्याच हातात दिलं. मी सही केली आणि म्हटलं, "काढा."

वॉर्डातले दिवस

शुद्धीवर आले तर चादर एका बाजूला सपाट होती. तिकडं बघायला मला बराच वेळ लागला. ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांना सांगते, घाई करू नका. कोणी म्हणेल, "बघ, सवय कर." सवय आपल्या पायानं येते, तिला ओढून आणायची नाही.

वॉर्डाचा दिवस झाडूवाल्या मावशींच्या बादलीच्या आवाजानं सुरू व्हायचा. मग चहा, मग मलमपट्टी. मलमपट्टी होईपर्यंत दिवस तिचा, ती झाली की आपला. एक सिस्टर होत्या, बोलायला तिखट. पट्टी करताना त्या मला भाकरीचं पीठ कसं मळायचं यावर वाद घालायला लावायच्या. ज्वारीत गरम पाणी किती, यावर आमचं एकदा चांगलंच जुंपलं आणि पट्टी कधी संपली ते कळलं नाही. एकदा त्यांनी माझे केस धुतले. त्यात अजून शिऱ्याचा एक रवाळ गोळा चिकटलेला होता. त्या दिवशी मी पोटभर रडले आणि नंतर पोटभर जेवले.

सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे नसलेला पाय खाजायचा. नेमका अंगठा. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. सिस्टर म्हणाल्या, "सगळ्यांचा खाजतो. उजवीकडचा अंगठा खाजवा, थांबेल." मी हसले, पण खाजवला, आणि थांबला.

बिरू आला तो दाराशीच उभा राहिला, काखेत नवं कोरं घोंगडं.

"वैनी, पेटीची वायर म्या काढली."

"ठावं हाय. मी तिथंच हुते."

"मग शिव्या द्या की."

"आज अंगात ताकद न्हाई. उद्या ये."

आणि तो दुसऱ्या दिवशी खरंच आला. राग होता मला, नव्हता असं नाही. पायाकडं नजर गेली की बिरूचा, साहेबांचा, त्या ट्रकवाल्याचा, पूजेचा, सगळ्यांचा राग यायचा. पण समोर उभा राहिलेल्या माणसाला मी शहाळं सोलायला लावलं. लोकरीचं घोंगडं सिस्टरनी वॉर्डात येऊ दिलं नाही. ते बिरूनं बाहेर कडुलिंबाखाली ठेवलं.

लिंबाखाली मामा बसायचे. ऑपरेशननंतर ते वॉर्डात पाऊल टाकत नव्हते. रोज इस्लामपूरहून पहिल्या एसटीनं डबा आणायचे, आईच्या हाती द्यायचे आणि संध्याकाळपर्यंत झाडाखाली. डब्यातली चपाती नकाशासारखी असायची, पण गरम असायची. "त्या बिऱ्याला माझ्याम्होरं आणू नगा," असं त्यांनी संजयला बजावलं होतं. आई मात्र खिडकीतून बघून हसत सांगायची, "सुभेदार बसल्यात बघ बिरूच्याच घोंगड्यावर."

मला त्यावर हसू येत नव्हतं. मामांनी मला लेकीसारखं वागवलं होतं, गोडाऊनच्या नोकरीला गाव नाक मुरडत असताना तेच पाठीशी उभे राहिले होते. आणि आता ते माझं तोंड बघत नव्हते. पाय गेला ते मी सोसलं. हे सोसवत नव्हतं.

"पायाचं काय केलं?"

घरी आल्यावर भेटायला माणसं लोटली. प्रत्येकजण केळी आणि एकेक गोष्ट घेऊन यायचा. एक चुलत सासूबाई आल्या, भुवया उंचावून म्हणाल्या, "आणि गं, त्या पायाचं काय केलं मग?" मामा सोप्यात अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. ते उठले आणि रानाकडं निघून गेले.

त्या गेल्यावर मी संजयला विचारलं. त्यानं आधी दार लोटलं. मग म्हणाला, "दवाखान्यानं इचारलं, घरचं नेणार का आमी बगू? माझ्यानं झालं न्हाई. आबांनी घेतला. धुतल्या धोतरात गुंडाळून, रिक्षानं कृष्णेच्या घाटावर नेला, अग्नी दिला. आंघूळ करून वल्ल्या कापडानं परत आलं. तुला सांगू नगं म्हणालं."

मी समजत होते की मामांना माझी शिसारी आली. त्यांनी तर माझ्या पायाला, मेलेल्या लेकराला बाप पोचवतो तसं पोचवलं होतं. त्यानंतर माझ्या त्या बाजूला बघणं त्यांना जमत नव्हतं, एवढंच.

सांगलीला नवा पाय बनवून घेतला. रंग निवडताना काहीतरी गडबड झाली आणि पाय माझ्यापेक्षा गोरा निघाला. मनू म्हणाली, "आये, तुझा यक पाय शेरातला हाय." बोटं सुद्धा कोरलेली, नखासकट. अंगणात चालायची सवय करू लागले. मामा तेव्हा नेमके गोठ्यात जायचे. पण एके सकाळी बघितलं तर अंगणातला एकूण एक खडा वेचलेला, खड्डे मुरूम टाकून धुमसलेले, उंबऱ्यापाशी धरायला बांबू रोवलेला. कोणी केलं ते विचारायची गरज नव्हती. बांबू ओळंबा लावल्यासारखा सरळ होता.

फाटकाशी

मला सगळ्यात जास्त छळलं ते आवाजानं. गाडी मागं येताना पीं पीं करते तो. शाळेची व्हॅन मागं आली तरी अंगाला घाम सुटायचा. घरात बसून ती भीती जाणार नव्हती, म्हणून साहेबांनी परत बोलावलं तेव्हा मी हो म्हटलं.

गोडाऊनचे नियम बदलले होते. पेटी बंद असली की फोर्कलिफ्ट आता चालूच होत नाही. आणि गळ्यात खुळखुळा नसेल त्याला आत सोडायचं नाही. ते काम माझ्याकडं, फाटकाशी खुर्ची टाकून. मी साहेबांनासुद्धा सोडत नाही. एकदा ते घाईत आत निघाले तर मी नुसती साडी वर करून पाय दाखवला. ते गुमान टॅग घालून गेले.

पहिल्या दिवशी मी स्वतः आत गेले, त्या कोपऱ्यापर्यंत. छातीवर खुळखुळा थरथरला आणि माझे पाय, खरा आणि खोटा दोन्ही, जमिनीला खिळले. पलीकडं गाडी बंद झाल्याचा आवाज आला. बिरू खाली उतरून चालत कोपऱ्यावर आला. "वैनी, पेटी वरडली. म्हटलं, आल्या वाटतं." त्यानं बाजूला सरकून वाट दिली. मग मी पुढं गेले.

परत खंडेनवमी

यंदा सकाळी घरी उंबऱ्यापाशी पूजा मांडली. विळा, कोयता, खुरपी, संजयचं दूध काढायचं यंत्र, मामांचा फौजेतला चाकू. मी आंघोळ करून पाय न चढवता खुर्चीत बसले होते. पाय भिंतीला टेकवलेला. मनूनं तो उचलून पाटाशी आणला. "आईचं हत्यार ऱ्हायलं की. ह्याच्यावरच चालतीया ती."

संजयनं चमकून मामांकडं बघितलं. मामा हळदकुंकवाचं ताट हातात धरून उभे होते. मला वाटलं, आता ते गोठ्याकडं जाणार.

मी म्हटलं, "मने, आण हिकडं. पूजेत ठिवला तर उद्यापत्तर उचलता यायचा न्हाई, आणि मला फाटकावर जायाचंय. गोडाऊनमधी ठरलंय आमचं, जीव राखणारं हत्यार अंगावरच पुजायचं." मी पाय चढवला, पट्टा आवळला, बांबूला धरून उभी राहिले आणि तो गोरा पाय पाटावर ठेवला.

मामा ताट खाली ठेवून माझ्यासमोर आले, गुडघ्यावर हात टेकत टेकत खाली बसले. वर्षात पहिल्यांदा ते त्या बाजूला बघत होते. बोटानं हळद घेतली, कुंकू घेतलं, अंगठ्याच्या कोरलेल्या नखावर लावलं. एक झेंडूचं फूल ठेवलं. आणि दोन्ही हात जोडून, डोकं पार पाटाला टेकवलं.

सासरा सुनेच्या पायाशी. मी घाबरून मागं सरकायला गेले, "आवं मामा, काय करताय हे!"

मामांनी माझा पाय धरून ठेवला. डोकं वर न करताच बोलले. "गप उभी ऱ्हा पोरी. हत्याराला नमस्कार करतुया मी, तुला न्हाई."

"व्हय मामा," मी म्हटलं. त्यांचे खांदे हलायचे थांबेपर्यंत मी गप उभी राहिले.